क्विकलिस्प आणि क्यूलॉट: पावसाळाभर वापरल्यावर

घरी हौसेने कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहिणार असाल तर लायब्रऱ्या (इतरांचा तयार कोड) उतरवून देणारं क्विकलिस्प नुसतं पुरतं. एकाच कोडवर दोन-चार जण हात मारत असतील तर जोडीला प्रत्येक प्रोजेक्टच्या लायब्रऱ्या पक्क्या बांधून ठेवणारं क्यूलॉट घ्याच. अंधेरीच्या आमच्या छोट्या ऑफिसात मेपासून दोन्ही रोज वापरतोय, त्यावरून सांगतो.

झॅक बीनने 2010मध्ये आणलेल्या क्विकलिस्पमध्ये प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती निवडायची भानगडच नाही. एकत्र बिल्ड होणाऱ्या लायब्रऱ्यांचा तारीखवार संच निघतो, तोच धरून चालायचं. आडमुठेपणा वाटेल, पण लिस्पला तो मानवतो. चालू इमेजमध्ये, म्हणजे मेमरीत चालत असलेल्या लिस्पमध्ये, पॅकेजची नावं सामाईक असतात, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सुखाने नांदत नाहीत. एएसडीएफ या लिस्पच्या बिल्ड साधनाच्या फाइलीत आवृत्ती लिहिता येते, पण तिचा अर्थ ‘निदान एवढी तरी’. क्विकलिस्प त्यावरून नेमकी आवृत्ती शोधून आणत नाही.

कटकट होते ती एखादीच लायब्ररी नवी हवी असली की. एके काळी महिन्याला येणारा संच ऑक्टोबर 2023नंतर थेट ऑक्टोबर 2024ला आला. मग लोक क्विकलिस्पच्या लोकल-प्रोजेक्ट्स फोल्डरमध्ये गिटवरून (कोडमधले बदल नोंदणारं साधन) कोड ओढतात. आमच्यातल्या एकानेही ओढला. त्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास, टेस्ट सर्व्हरवर ‘अनडिफाइन्ड फंक्शन’! ते फोल्डर त्याच्या होम डिरेक्टरीत, प्रोजेक्टच्या गिटमध्ये त्याचा मागमूस नाही. अख्खी दुपार गेली.

एइतारो फुकामाची यांचं क्यूलॉट नेमकं इथे कामाला येतं. प्रोजेक्टमधल्या क्यूएलफाइल या यादीत एका ओळीत ‘गिट’, नाव आणि पत्ता लिहायचा, ‘क्यूलॉट इन्स्टॉल’ म्हणायचं. लॉक फाइलीत संचाची तारीख आणि गिटचा कमिट (कोडची नेमकी स्थिती) दोन्ही नोंदले जातात. ती फाइल कमिट केली की नव्या माणसाच्या मशीनवरही तेच उतरतं.

फुकट काही नाही म्हणा. प्रत्येक प्रोजेक्टची लायब्रऱ्यांची प्रत वेगळी, म्हणून पहिल्या लोडला सगळं पुन्हा कंपाइल होतं. तेवढ्यात खाली जाऊन कटिंग मारून येता येतं. स्लाइमलाही (ईमॅक्स एडिटरमधून लिस्प चालवायचं साधन) एसबीसीएल हा लिस्पचा कंपाइलर क्यूलॉटमार्फत सुरू करायला शिकवावं लागतं, नाहीतर ते गुपचूप होम डिरेक्टरीतलं क्विकलिस्प उचलतं.

सर्व्हरवर आता यातलं काहीच टाकत नाही. बिल्ड मशीनवर एसबीसीएलने इमेज सेव्ह करून एकच एक्झिक्युटेबल पाठवतो.