सिसरूट, काही महिने वापरून: काम चोख, सिमलिंकचा मात्र जाच

सर्व्हरवर प्रोग्रॅम सुरूच होईना. ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ म्हणायचा आणि बंद पडायचा. (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी.) सर्व्हरवर डेबियन ११ हे लिनक्स, म्हणजे जीलिबसी २.३१; आमचं बिल्ड उबुंटू २२.०४ या लिनक्सवर, तिथे २.३५. २०२१ च्या २.३४ मध्ये प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनचीच सिम्बॉल आवृत्ती (लायब्ररीतल्या फंक्शनच्या नावाला जोडलेला आवृत्ती क्रमांक) बदलली, त्यामुळे त्यानंतरच्या जीलिबसीवर बांधलेलं रिकामं ‘मेन’सुद्धा जुन्या मशीनवर चालत नाही. म्हणून डीबूटस्ट्रॅप या डेबियन उभारणाऱ्या साधनाने डेबियन ११ चा सिसरूट उभारला, म्हणजे त्या सिस्टिमची हेडर आणि लायब्ररी असलेलं वेगळं फोल्डर, आणि आपल्या मशीनऐवजी तेच वापर म्हणून क्लँग या कंपायलरला दाखवला.

आता सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा. डेव्ह पॅकेजांतले (लायब्ररी वापरून बिल्ड करायला लागणाऱ्या पॅकेजांतले) काही दुवे थेट ‘/लिब’पासून सुरू होतात. झीलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीचाच घ्या. सिसरूटमधला दुवा बाहेरून उघडला की तो आपल्या मशीनच्या ‘/लिब’मध्ये जातो. तिथे त्याच नावाची फाइल असली तर लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारं साधन) बिनबोभाट तीच उचलतो. नसली तर निदान काही वेळा आरडाओरडा तरी करतो, ते परवडलं! उपाय म्हणजे दुवे सापेक्ष करणारी ‘सिमलिंक्स -आरसी’ ही कमांड, पण ती क्रूटच्या आत शिरूनच, म्हणजे सिसरूटलाच मूळ फोल्डर मानून चालवायची. बाहेरून चालवली तर दुवे सापेक्ष होतात खरे, पण पोहोचतात पुन्हा आपल्याच ‘/लिब’मध्ये. नवं डेव्ह पॅकेज टाकलं की हे सगळं परत. सिसरूटसारख्या इतक्या जुन्या साधनात याची सोय आयती का नसावी, याचा मला अजून राग येतो.

लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला ‘लिबडिर’ आणि ‘सिसरूट डिर’ ही दोन्ही सेटिंग द्या. नुसता ‘पाथ’ दिला तर आपल्या बिल्ड मशीनच्या जागाही तो शोधतच राहतो.

सुरुवातीला माझं मत होतं की यापेक्षा कंटेनर बरा, म्हणजे अख्खं बिल्डच वेगळ्या बंदिस्त डेबियनमध्ये करायचं. ते बदललं क्लँगडीमुळे, म्हणजे एडिटरला कोड समजावणाऱ्या प्रोग्रॅममुळे. कंपाइल कमांडमधला सिसरूट तो आपसूक ओळखतो, व्याख्येवर उडी मारली की जुन्याच लायब्ररीचं हेडर उघडतं, आणि एडिटर, डिबगर सगळं आपलंच राहतं.

रिलीझआधी ‘ऑब्जडंप -टी’ने (टी कॅपिटल) बायनरीला लागणारे सिम्बॉल तपासतो. आमच्या बायनरीत सर्वांत वरची आवृत्ती २.२९ निघते, ती ‘पॉव’ आणि ‘लॉग’ या गणिती फंक्शनांमुळे. म्हणजे २.२८ असलेला डेबियन १० बाद. त्याच्यासाठी दुसरा सिसरूट पोसायची माझी तयारी नाही.