गरम न होणारा ड्रायर आणि जुळे सोलापुरातील दुरुस्तीची सेवा

सोलापुरात कपडे वाळवायला यंत्र कशाला, असे उन्हाळ्यात कोणीही विचारील. पण सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या असल्याने आमच्याकडे चादरी आणि टॉवेल रोज धुवावे लागतात, आणि सप्टेंबरच्या पावसात जाड सोलापुरी चादर दोन-दोन दिवस ओलसर राहते. त्यामुळे ड्रायरचा ड्रम नेहमीसारखा फिरत असूनही कपडे गारच निघू लागले, तेव्हा घरात खरी अडचण झाली.

इंटरनेटवर आधी विजेचा ब्रेकर तपासा असे वाचले होते. तो सल्ला अमेरिकेतील ड्रायरसाठी आहे. तिकडे मोटर १२० व्होल्टवर आणि हीटर २४० व्होल्टवर चालत असल्याने अर्धा पुरवठा तुटला, तरी ड्रम फिरत राहतो. आपल्याकडे घरगुती ड्रायरची मोटर आणि हीटर दोन्ही एकाच २३० व्होल्टच्या जोडणीवर असतात, म्हणजे ड्रम फिरत असेल तर दोष बहुधा यंत्राच्या आतच असतो.

कंपनीच्या सेवा केंद्रातून आलेल्या माणसाने मागचे झाकणही न उघडता ‘हीटर गेला’ म्हणून पाच हजारांवर खर्च सांगितला. मन मानेना, म्हणून जुळे सोलापुरातील एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. मंगळवारी येतो म्हणालेले काका बुधवारी संध्याकाळी आले, ही माझी एक तक्रार आहे. मात्र त्यांनी काम ज्या पद्धतीने केले, त्यासाठीच हे लिहीत आहे.

त्यांनी प्लग काढला, झाकण उघडले आणि हीटरच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावला. आमचा हीटर २००० वॉटचा आहे. त्याला साधारण २६ ओहम रोध यायला हवा आणि तेवढाच आला, म्हणजे हीटर धडधाकट होता. शेजारचा थर्मल फ्यूज मात्र तुटलेला निघाला. हवा प्रमाणाबाहेर तापली की हा फ्यूज हीटरचा पुरवठा कायमचा तोडतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही, बदलावाच लागतो.

तसा फ्यूज त्यांच्याजवळ नव्हता. सासूबाईंच्या चादरी ओल्या पडलेल्या, म्हणून आजच्या रात्रीपुरत्या तारा थेट जोडता येतील का, असे मी विचारले. ते म्हणाले, “नाही ताई, हवा अडलेली असताना तसं चालवलं तर आतली लव पेट घेईल. ते मी करणार नाही.” माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच.

दुसऱ्या दिवशी फ्यूज बसवण्याआधी त्यांनी हवा कुठे अडली ते शोधले. जाळी मी दर वेळी साफ करते, पण जाळीच्या पलीकडे टॉवेलची लव साचून थर झाला होता, आणि रंगकामानंतर यंत्र भिंतीला टेकवल्याने मागची नळी दबून चपटी झाली होती. लव काढून, नळी सरळ करून, यंत्र वीतभर पुढे ओढल्यावरच त्यांनी नवा फ्यूज लावला.

भाग आणि मजुरी मिळून ८५० रुपये झाले. पावती साध्या चिठ्ठीवर मिळाली आणि हमीचा त्यावर उल्लेख नाही. तो लिहून दिला पाहिजे. त्यांना बोलावणाऱ्यांनी यंत्राच्या मागील पट्टीवरचा मॉडेल क्रमांक फोनवरच सांगावा, कारण फ्यूज किती तापमानाला तुटावा हे मॉडेलनुसार बदलते आणि योग्य फ्यूज बरोबर आणला तर दुसरी फेरी वाचते.