हेडलाइटसोबतचे अकरा महिने: घासलेली काच, रिले आणि फोकस

गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक. रिफ्लेक्टरची, म्हणजे आत आरशासारखी वाटी असलेली हेडलाइट, आत एच4 बल्ब (लो आणि हाय बीम एकातच असलेला हॅलोजन). रोजचं जाणं-येणं मिळून पन्नासेक किलोमीटर, परतीचा प्रवास अंधारात, आणि निम्म्या रस्त्यावर दिवेच नाहीत. गेल्या वर्षी एका वळणावर कडेने चालणारा माणूस मला अगदी जवळ गेल्यावर दिसला. काही झालं नाही. पण घरी आल्यावर गाडी बंद करून मी बराच वेळ तशीच आत बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून हेडलाइटच्या मागे लागले. या अकरा महिन्यांत काय केलं, काय टिकलं आणि काय काढून टाकावं लागलं, ते सगळं लिहिते आहे.

सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली. उजेड कमी पडतो म्हणजे बल्ब कमजोर, असं धरून एच4 च्याच सॉकेटमध्ये बसणारे एलईडी बल्ब घेतले. लावल्या लावल्या समोर पांढराशुभ्र उजेड पडला आणि पहिले दोन दिवस मी खूश होते. मग लक्षात आलं की समोरून येणारा जवळजवळ प्रत्येकजण मला डिपर मारतोय, आणि मी तर लो बीमवर आहे. गाडी भिंतीसमोर उभी करून पाहिलं. हॅलोजनला भिंतीवर आडवी, नीट कापल्यासारखी रेघ दिसते. खाली उजेड, वर अंधार. एलईडीला ती रेघ विरघळलेली होती आणि वरच्या भागात उजेडाचे ठिपके सांडले होते.

कारण सरळ आहे. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वाक हा फिलामेंट नेमकी कुठे आहे हे धरून काढलेला असतो. एच4 मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते आणि त्यातूनच ती रेघ तयार होते. एलईडीच्या चिप दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात. त्यांची जागा, जाडी, उजेड फेकायची दिशा, काहीच फिलामेंटसारखं नसतं. शिवाय गाडीच्या नाकापुढचा तुकडा इतका उजळतो की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. पावसात तर ओल्या रस्त्यावर काहीच कळेना. सोळाव्या दिवशी काढले. ज्या हेडलाइटची घडणच एलईडीसाठी झाली आहे तिची गोष्ट वेगळी. हॅलोजनच्या घरात एलईडी बसवू नका, हे माझं ठाम मत आहे.

जुने हॅलोजन परत बसवताना दुरुस्तीवाल्या इलेक्ट्रिशियनने एक वाक्य सांगितलं: "ताई, बल्ब चांगला आहे, उजेड वाटेत गळतोय." पुढचे दहा महिने मी ही गळतीच शोधत गेले.

पहिली गळती काचेत. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक असतं. मजबूत, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडणारं, म्हणून कारखान्यात त्यावर एक कडक संरक्षक थर देतात. काही वर्षांत हा थर वरच्या बाजूने, जिथे ऊन सरळ पडतं तिथून, फुटायला लागतो. दोष बाहेर आहे की आत, हे ओळखायची सोपी रीत म्हणजे काच ओली करून बघणं. पाण्याने क्षणभर स्वच्छ दिसली तर दोष बाहेरच्या थरात आहे आणि घासून जाईल. माझी ओली झाल्यावर जवळजवळ नवी दिसली.

टूथपेस्टने मी आधीच एकदा घासलं होतं. चकाकी येते, कारण पेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. पण फुटका थर पूर्ण निघत नाही आणि नवा बसत नाही, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा तेच. पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन तर लावूच नका. पॉलिकार्बोनेटला त्याने आतून केसासारख्या भेगा पडतात आणि त्या कशानेच जात नाहीत.

या वेळी व्यवस्थित केलं. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर, मग पाणी मारत वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद, नंबर मोठा तितका बारीक): 800, 1500, 2000, शेवटी 3000. एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. 800 ला सर्वाधिक वेळ द्यायचा. सुरुवातीला खाली उतरणारं पाणी पिवळसर दुधी असतं, बोटांना चिकट लागतं. घासत राहिलं की एका क्षणी पाणी निव्वळ पांढरं होतं आणि पेपर सगळीकडे सारखा सरकायला लागतो. तेव्हा जुना थर संपला असं समजायचं. इथे काच पूर्ण धुरकट झालेली असते आणि आपण गाडी बिघडवली अशी भीती वाटते. माझेही हात थांबले होते. 2000 नंतर ती परत उघडायला लागते. एका बाजूला मला पाऊण तास लागला, आणि 800 वर घाई केली असती तर पुढचं सगळं वाया गेलं असतं.

त्यानंतर मुद्दाम एक गोष्ट केली. दोन्ही बाजू पॉलिश करून अल्कोहोलने पुसल्या, पण डाव्या हेडलाइटवर क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा दोन घटकांचा पारदर्शक लेप, मारला आणि उजव्या हेडलाइटवर फक्त पेस्ट सीलंट लावला. त्या दिवशी दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तिसऱ्या महिन्यात उजवीची वरची कड किंचित मंद झाली, पाचव्या महिन्यात लांबून ओळखू येईल इतकी पिवळी. डावी तशीच्या तशी. तेव्हा उजवी पुन्हा घासून तिलाही क्लिअर कोट दिला. आज डावीवर खडे उडून पडलेले तीन-चार बारीक टवके आहेत, आणि खालच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागी कोट उचलला गेला आहे. त्या कोपऱ्यात टेपच्या कडेशी माझा पेपर नीट पोचला नव्हता. बाकी काच स्वच्छ.

क्लिअर कोट मारताना एक काळजी मात्र पक्की घ्या. दोन घटकांच्या कोटमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते श्वासावाटे जाणं धोक्याचं आहे. साधा कापडी मास्क चालत नाही. रंगकामाचा योग्य फिल्टरवाला मास्क, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांतलं एक जरी नसेल तर रंगकाम करणाऱ्याकडून मारून घ्या, किंवा पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवून घ्या. आणि धुताना कडक डिग्रीजर नको; मी गाडीच्या साध्या शाम्पूनेच धुते.

दुसरी गळती वायरिंगमध्ये, आणि ती माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी निघाली. इंजिन चालू, लाइट चालू, मल्टिमीटर लावला: बॅटरीवर 14.1 व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर 12.3. मोजताना बल्ब लावलेला आणि पेटलेला हवा, सॉकेटच्या मागच्या बाजूने टोक आत सरकवायचं. बल्ब काढून रिकाम्या सॉकेटवर मोजलं तर आकडा उत्तमच येतो, कारण करंट वाहतच नसतो आणि गळती लपून राहते. मी पहिल्यांदा तसंच मोजलं होतं आणि सगळं ठीक आहे असं समजले होते.

पावणेदोन व्होल्ट म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. एच4 चा ठरलेला उजेड, म्हणजे लो बीमला 1000 आणि हाय बीमला 1650 ल्युमेन, हा 13.2 व्होल्टवर मोजलेला असतो. 12.3 वर त्यातला पाचवा हिस्सा गेलेलाच. म्हणजे बल्ब पूर्ण ताकदीने कधी पेटतच नव्हता.

आधी अर्थिंग पाहिलं. बॉडीला जिथे काळी वायर बोल्टने कसली आहे तिथे हिरवट थर साचला होता. बोल्ट काढला, पत्रा आणि टर्मिनल चकचकीत होईपर्यंत घासले, पुन्हा कसून वर ग्रीस लावलं. एवढ्यानेच 12.3 चे 12.7 झाले. ज्यांना वायरिंगला हात लावायचा नाही त्यांनी किमान हे तरी करून घ्यावं.

मग रिलेचा हार्नेस, म्हणजे जोडलेल्या वायरींचा तयार संच. मूळ रचनेत दोन्ही बल्बचा मिळून दहाएक ॲम्पिअर करंट बारीक वायरीतून, स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येत होता. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच. तो बसवला की स्टिअरिंगजवळचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि खरा करंट बॅटरीहून जाड वायरीने थेट बल्बकडे जातो. माझ्या हार्नेसमध्ये लो आणि हाय बीमला वेगळे रिले, 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरी आणि सिरॅमिकचे होल्डर आहेत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. लांब असेल तर फ्यूजपर्यंतच्या वायरीला संरक्षणच राहत नाही आणि कुठे घासली तर आग लागू शकते. मूळची वायर कुठेही कापली नाही, जुनं सॉकेट हार्नेसच्या पिनवर बसतं आणि हवं तेव्हा सगळं पूर्ववत करता येतं. माझ्या दृष्टीने कोणत्याही बदलाची ही पहिली अट आहे.

आता बल्बवर 13.7 व्होल्ट येतात. हिशोबाने उजेड सुमारे 44 टक्के वाढला, बल्ब तोच, 60/55 वॉटचा. स्विचही आता गरम लागत नाही. याची दुसरी बाजू अशी की व्होल्टेज वाढलं की फिलामेंटचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. नवव्या महिन्यात उजवीकडचा लो बीम गेला. मी दोन्ही बल्ब एकत्र बदलले आणि एक जोडी आता डिकीत असते. बदलताना बल्बच्या काचेला बोट लावू नका. तेलकटपणा राहिला तर तिथेच ती जास्त तापते. 100/90 चे बल्ब टाकायचा सल्लाही मला मिळाला होता. माझ्या जुन्या होल्डरचं प्लॅस्टिक 60/55 वरच करपून तपकिरी झालं होतं, ते पाहिल्यावर तो विचार सोडला. निळसर काचेचे बल्बही नकोत. निळा लेप उजेड गाळतो.

रिलेबाबत एक अडचण सांगायला हवी. नव्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा करंट गाडीचा कॉम्प्युटर तपासतो, काही गाड्यांमध्ये तो सलग न सोडता झपाट्याने चालू-बंद करत सोडला जातो. तिथे असा हार्नेस लावला तर बल्ब गेल्याचा इशारा येतो किंवा रिले थरथरतो. माझं सगळं वर्णन साध्या स्विचच्या जुन्या गाडीचं आहे.

तिसरी गोष्ट फोकस. एवढा उजेड वाढवून तो चुकीच्या जागी पडत असेल तर समोरच्याला त्रास आणि आपल्याला काही नाही. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, टाकी अर्धी, चालकाच्या सीटवर माणूस (मी दादाला बसवलं), लेव्हलरची (हेडलाइटचा झोत आतून वर-खाली करायची) चकती शून्यावर. भिंतीपासून साडेसात मीटर. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने खूण करून लो बीमची रेघ त्याखाली साडेसात सेंटिमीटर आणायची, म्हणजे एक टक्का उतार. माझी डावी रेघ ठीक होती, उजवी खुणेच्याही वर चढलेली. मागचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत दहा मिनिटांत जुळलं. बल्ब बदलला की हे पुन्हा तपासायचं. नवव्या महिन्यात मलाही थोडं हलवावं लागलं.

आणि शेवटची गोष्ट, जी मी शेवटी केली आणि सगळ्यात आधी करायला हवी होती: पुढची काच आतून पुसणं. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तापलं की त्यातून वाफ निघते आणि काचेवर न दिसणारा तेलकट पापुद्रा बसतो. दिवसा कळत नाही. रात्री समोरून दिवा आला की सगळी काच दुधी होते आणि आपण दोष समोरच्याला देतो. ओल्या मायक्रोफायबरने अल्कोहोल-पाणी लावून, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने, एकदा आडवं आणि एकदा उभं. पहिल्यांदा माझं कापड राखाडी झालं होतं. आता दर तीन आठवड्यांनी पुसते, आणि महिन्यातून एकदा हेडलाइटवर हात फिरवून कोट कुठे उचलतोय का ते बघते.

ते वळण अजूनही रोजच्या वाटेवर आहे. परवा तिथे सायकल हातात धरून चालणारी दोन मुलं होती. वळण सुरू व्हायच्या आधीच मला त्यांचे पाय दिसले, मग सायकलचं चाक, आणि ब्रेकवर पाय ठेवायला पुरेसा वेळ हाताशी होता.