फ्रोजन शोल्डर आणि व्हिडिओ कॉलवरची फिजिओथेरपी: सात महिन्यांनंतर

हे लिहायला मुद्दाम थांबले होते, पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं. मी गुहागर तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवते, वय 51, शुगर नऊ वर्षांपासून. गेल्या गणपतीनंतर उजवा खांदा दुखायला लागला, मखर काढताना ताण आला असेल म्हणून तेल चोळत बसले, आणि दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की फळ्यावर वर तारीख लिहिता येईना, वेणी घालता येईना, रात्री त्या कुशीवर वळलं की जीव कासावीस. चिपळूणला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्सरे नॉर्मल. पण डॉक्टरांनी स्वतः माझा हात धरून फिरवला तरी तो बाहेरच्या बाजूला जाईचना, तेव्हा ते म्हणाले फ्रोजन शोल्डर, सांध्याभोवतीचं आवरण आवळलं जातं, शुगरवाल्यांना जास्त होतं, आणि सुटायला एक ते तीन वर्षंही लागतात. सांध्यात एक इंजेक्शन दिलं (त्याने शुगर थोडे दिवस वाढेल हे आधीच सांगितलं होतं, आणि वाढली) आणि फिजिओथेरपी सुरू करा म्हणाले.

आता आमच्या गावातून चिपळूण एसटीने दीड तास. शाळा सांभाळून आठवड्यातून तीनदा कसं जमणार? तीन खेपा केल्या, येताना गाडीत दांडा धरून उभं राहायचं आणि जे थोडं सुटलेलं असायचं ते परत धरायचं. मग मुलाने एका कंपनीचं ॲप घेऊन दिलं, तीन महिन्यांचे साडेपाच हजार आधीच भरून. मोबाइल समोर ठेवायचा, स्क्रीनवरची बाई करते तसं करायचं, मोजणी आपोआप. डिसेंबरभर एक दिवस चुकवला नाही. रोज हिरवी टिक यायची आणि दुखणं मात्र खांद्यातून मानेत चढलं. पैसे परत मागितले तर पॅकेज सुरू झाल्यावर मिळत नाहीत असं उत्तर आलं. सगळी ॲप अशीच असतात असं मी म्हणत नाही, माझ्या वाट्याला हे आलं.

जानेवारीच्या शेवटी माझ्या जावेच्या ओळखीतून पुण्याची एक फिजिओथेरपिस्ट मिळाली, ती स्वतः समोर बसून व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेते. माझ्या मुलीच्या वयाची आहे, मी तिला मॅडम म्हणते, ती मला काकू. तिने आधी डॉक्टरांचा कागद आणि एक्सरे मागितला, कोणी हाताने तपासल्याशिवाय मी सुरू करत नाही म्हणाली, तिथेच मला बरं वाटलं. पहिल्या कॉलला साडी नको, ढगळ टीशर्ट घाला, मोबाइल सात-आठ फुटांवर ठेवा आणि खिडकीचा उजेड तुमच्या अंगावर येऊ द्या, मोबाइलच्या मागून. मग म्हणाली, काकू, पाठ करून उभ्या राहा आणि हात वर न्या. मी नेला. "आता डावा तळवा उजव्या खांद्यावर ठेवा आणि परत न्या, तळव्याखाली खांदा वर सरकला की थांबा, तेवढाच तुमचा आजचा हात." हात छातीच्या जरा वर गेला आणि तळव्याखाली खांदा कानाकडे निघाला. म्हणजे ॲपवर महिनाभर मी हात उचलतच नव्हते, अख्खा खांदा उचकत होते आणि कंबरेतून मागे झुकत होते, कॅमेऱ्याला मनगट वर गेलेलं दिसलं की त्याचं काम झालं. मला त्या दिवशी रडू आलं, तिने थांबू दिलं, घाई केली नाही.

पहिले दीड महिने ताणायचं नाहीच अशी सक्त ताकीद होती, कारण दुखण्याचा जोर होता. टेबलाला डाव्या हाताने धरून वाकायचं, उजवा हात लोंबता सोडायचा आणि अंग झुलवून तो हलू द्यायचा. आडवं झोपून काठी दोन्ही हातांत धरायची, कोपर कुशीला, मध्ये नॅपकिनची घडी, आणि डाव्या हाताने काठी ढकलून उजवा बाहेर न्यायचा. आधी दहा मिनिटं शेक, पण पिशवीला टॉवेल गुंडाळून, शुगरमध्ये चटका कळत नाही म्हणून. आणि दुखण्याचा नियम असा, की व्यायामानंतर अर्ध्या तासात कमी झालं पाहिजे, रात्रीची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करायचं. शुगरचा आकडाही ती दर महिन्याला विचारायची, मला आधी वाटायचं हिला काय करायचंय.

मार्चपासून पडवीच्या भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम. जिथे बोटं थांबतील तिथे पेन्सिलीने खूण आणि तारीख. एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या सगळ्या खुणा चार बोटांच्या आत आहेत, एकीवर दुसरी, आमचे हे म्हणायचे सोडून दे आता. तेव्हा मॅडमनेच सांगितलं की इथून पुढे कोणीतरी हाताने सांधा सैल करायला हवा, ते मला स्क्रीनवरून जमणार नाही. चिपळूणच्या फिजिओथेरपिस्टशी ती स्वतः फोनवर बोलली, मी शनिवारी चार वेळा जाऊन आले, आणि मेमधल्या खुणा बघाल तर एकदम वीतभर वर आहेत. हे तिने आपणहून सांगितलं म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे. आपला पेशंट दुसरीकडे पाठवायला मन मोठं लागतं.

पावसाळ्यात हाल झाले. लाइट गेली की टॉवर जातो, जुलैत दोन कॉल बुडाले, एक नुसत्या आवाजावर केला, ती विचारायची तळव्याखाली काय लागतंय आणि मी सांगायचे. तोपर्यंत माझं मलाच कळायला लागलं होतं, त्यामुळे चाललं. नवीन माणसाने मात्र नुसत्या आवाजावर अजिबात करू नये.

हिशोब सांगते. एका कॉलचे 400, आधी आठवड्यातून दोन, मग एक, आता पंधरवड्यातून एक, आतापर्यंत 32 झाले म्हणजे 12,800 रुपये, चिपळूणच्या चार खेपा वेगळ्या. हात समोरून वर 95 अंश जात होता तो आता 155 जातो, बाहेर 10 चा 50 झालाय, ती स्क्रीनशॉटवर कोन मोजते. फळ्यावर तारीख वर लिहिते, वेणी घालते. ब्लाउजचं मागचं हुक अजून लागत नाही, हात पाठीमागे कंबरेपर्यंतच जातो, टॉवेलचा व्यायाम आत्ताच सुरू झालाय.

तुम्ही कोणाकडे करणार असाल तर बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय का आणि नोंदणी नंबर काय ते सरळ विचारा, चांगली माणसं रागावत नाहीत. पडल्यानंतर एकदम हात उचलता येईना झाला, हाताला मुंग्या आल्या, ताप असला किंवा छातीत दुखून घाम आला, तर कॉल वगैरे नाही, आधी डॉक्टर.

शुगरवाल्यांना दुसऱ्या खांद्यालाही होऊ शकतं, म्हणून दर रविवारी डावा हात भिंतीवर चालवून बघते. त्याच्या खुणा अजून उंबऱ्याजवळच्या भिंतीवर सगळ्यात वर आहेत, एकाच रेषेत.