७२० युनिटचं बिल: दहा महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत परभणीतल्या आमच्या घराचं मीटर बदललं, त्याला आता दहा महिने झाले. मीटरबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती बिलाची, आणि त्याहून जास्त वीज कंपनी ग्राहकाचं ऐकते त्या पद्धतीची.

मार्च, एप्रिल, मे असं तीन महिने रीडिंग न घेता ६० युनिटचं सरासरी बिल आलं. आम्ही दोघं नोकरीला, गेटला दिवसभर कुलूप आणि मीटर आतल्या भिंतीवर. बिल कमी येतंय म्हणून आम्हीही विचारलं नाही, ते चुकलंच. जूनमध्ये एकदम ७२० युनिट आले, साडेअकरा हजारांच्या वर. सासूबाईंनी बिल पाहिलं आणि उठून आधी कूलर बंद केला. त्या उकाड्यात त्यांना पदरानं वारा घेताना बघून मला फार वाईट वाटलं.

मीटर पळतंय, असं सगळ्यांचं म्हणणं. म्हणून आधी तेच तपासलं. घरातलं सगळं बंद करून फक्त पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड बादलीत लावला. एका युनिटला लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं, आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे या रॉडवर मिनिटाला ८० वेळा लुकलुकायला हवा. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजलं तर ७७ भरले. व्होल्टेज जरा कमी असलं की एवढा फरक पडतोच. पुढे पैसे भरून रीतसर तपासणी करून घेतली, त्यातही मीटर बरोबरच निघालं.

युनिट खरेच होते, पण ते चार महिन्यांचे. महिन्याला १८० पडतात. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला चढत जातो. १८० वापरणारा दुसऱ्याच टप्प्यात थांबतो. आमचे सगळे युनिट एकाच महिन्यात धरले, त्यामुळे वरचे २२० सगळ्यात महाग दरात गेले. शिवाय आधी भरलेली तीन बिलं वजाच केली नव्हती.

टोल फ्रीवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तक्रार क्रमांक मिळाला आणि घरी कोणी न फिरकताच तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. कार्यालयात एकच उत्तर, आधी बिल भरा, मग बघू. जुलैत लाइनमन दारात आला. "ताई, वरून यादी आलीय, लाइट कट करावी लागंल." त्याच्यावर माझा राग नाही. रात्री डीपी उडाली की भर पावसात खांबावर चढणारा तोच असतो.

त्या रात्री वीज कायदा २००३ मधलं कलम ५६ वाचून काढलं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीवरची रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी तसा अर्ज दोन प्रतींत नेला. माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारायला टाळाटाळ चालली होती, मी तासभर टेबलासमोरून हलले नाही. शिक्का मिळाला आणि वीज तोडायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

नंतर ग्राहक तक्रार निवारण मंचात गेले. असा मंच ठेवणं प्रत्येक वितरण कंपनीला याच कायद्याच्या कलम ४२ नं बंधनकारक आहे. वकील केला नाही. रोजच्या रीडिंगची वही, मीटरचे फोटो आणि शिक्क्याचा अर्ज पुढे ठेवला. तिथे माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, हे मुद्दाम लिहिते. युनिट चार महिन्यांत विभागून बिल ५,९०० च्या आसपास आलं. त्यापुढे विद्युत लोकपालाकडे जायची वेळ आली नाही.

मुंबईच्या काही भागांत ग्राहकाला कंपनी बदलता येते. आमच्या घराला ती सोय नाही, म्हणून फोनवरची तक्रार अशी परस्पर बंद होणं मला जास्त लागतं. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं?

मीटर बाहेरच्या भिंतीवर घेण्यासाठी सप्टेंबरात अर्ज दिला आहे, शिक्क्यासह. अजून कोणी आलेलं नाही. तोवर रीडिंगच्या आठवड्यात गेटची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवून जाते.