पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो कोणता ऐकावा? मेंडेलसोन, बेथोवन की चायकॉव्हस्की

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, की बहुतेक जाणकार मेंडेलसोन या संगीतकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो सुचवतात. सल्ला चांगलाच आहे. पण विचारणारा माणूस भीमसेनजींचा किंवा किशोरीताईंचा विलंबित ख्याल मन लावून ऐकणारा असेल, तर मी त्याला बेथोवन सांगतो. नाट्यगीतं, भावगीतं, जुनी चित्रपटगीतं यांवर कान पोसला असेल तर मेंडेलसोन. चायकॉव्हस्की दोघांनीही ऐकावा, पण नंतर.

कॉन्चेर्टो म्हणजे पुढे एक वादक, मागे ऑर्केस्ट्रा आणि साधारण तीन भाग: जलद, संथ, पुन्हा जलद. सगळं लिहून ठेवलेलं असतं. पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटं व्हायोलिन वाजतं, त्याला कॅडेन्झा म्हणतात. पूर्वी ती जागा वादक स्वतःच्या मनाने भरत असे.

आपल्या कानाला खरी अडचण येते ती षड्जाची. पं. डी. के. दातारांचं किंवा एन. राजम यांचं व्हायोलिन ऐकताना तानपुरा सा धरून असतो आणि त्याच्या आधाराने आपण प्रत्येक मींड जोखतो. इथे तानपुरा नाही, आणि सा मध्येच जागा बदलतो. पहिल्या-दुसऱ्यांदा ऐकताना पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटतं. म्हणून पहिली रचना अशी हवी, जिच्यात दुसरं काहीतरी आपल्याला घट्ट धरून ठेवील.

मेंडेलसोनमध्ये ते काम चाल करते. ऑर्केस्ट्रा जेमतेम दीड मात्रागट वाजतो आणि व्हायोलिन थेट मुख्य चाल घेऊन येतं. प्रस्तावना नाही. ही सुरुवात डोक्यातून जात नाही, स्वस्थ बसू देत नाही, असं मेंडेलसोनने 1838 साली आपला व्हायोलिनवादक मित्र फर्डिनांड डेव्हिड याला पत्रातून कळवलं होतं. रचना पूर्ण व्हायला पुढे सहा वर्षं लागली आणि 13 मार्च 1845 रोजी लाइपझिगमध्ये डेव्हिडनेच ती पहिल्यांदा वाजवली. तिन्ही भाग एकमेकांना जोडलेले आहेत. पहिला भाग संपतो तिथे एकटा बासून (खर्जाचं, फुंकून वाजवायचं वाद्य) एक सूर धरून ठेवतो आणि त्या सुरावरून आपण अलगद संथ भागात उतरतो. सगळं मिळून 26-28 मिनिटं. ॲना-सोफी मुटरने किशोरवयात कारायानच्या दिग्दर्शनाखाली केलेलं ध्वनिमुद्रण घ्या. आवाज भरदार आहे आणि चाल कुठे घाईत हरवत नाही.

बेथोवनचं गणित वेगळं. सुरुवात टिंपनीच्या, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्यांच्या, चार हलक्या ठोक्यांनी होते, आणि मग तीन मिनिटं व्हायोलिन नाहीच. नवख्याला इथेच कंटाळा येतो, असं म्हणतात. पण बडा ख्याल ऐकणाऱ्याला वाट बघण्याचा कंटाळा कसला? ते चार ठोके पुढे कधी तंतुवाद्यांत, कधी सगळ्या ऑर्केस्ट्रात परत येत राहतात. एकदा ते ओळखता आले, की समेची खूण सापडल्यासारखा आधार मिळतो. मग सा हलला तरी आपण हलत नाही.

या पहिल्या भागात एक जागा आहे, तिच्यासाठी मी ही रचना पुन्हा पुन्हा ऐकतो. एक अतिशय साधी, गाण्यासारखी चाल ऑर्केस्ट्रा सुरुवातीलाच ऐकवतो. व्हायोलिन मात्र तिच्याभोवती नक्षी काढत राहतं, ती पूर्ण स्वतः गात नाही. वीसेक मिनिटं जातात, कॅडेन्झा होतो, आणि मग सगळं शांत असताना खालच्या दोन तारांवर व्हायोलिन ती चाल पहिल्यांदा अखंड वाजवतं. एखादा गवई अंतऱ्याचा तार षड्ज लांबवत नेतो आणि अखेर लावतो, तेव्हा पोटात जे होतं, ते इथे मंद्र सुरांनी होतं.

23 डिसेंबर 1806 रोजी व्हिएन्नात फ्रान्झ क्लेमेंटने हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला, तेव्हा फारसं काही घडलं नाही. पुढची अनेक वर्षं तो मागेच पडला. 1844 साली लंडनमध्ये योजेफ योआखिम या बारा वर्षांच्या मुलाने तो वाजवला आणि तिथून त्याचे दिवस पालटले. त्या दिवशी ऑर्केस्ट्राचं दिग्दर्शन करत होता मेंडेलसोन, आणि त्याच वर्षी त्याने स्वतःचा कॉन्चेर्टो पूर्ण केला.

इथे वादकाची निवड महत्त्वाची ठरते. यासा हायफेट्झचं 1955 चं बॉस्टनचं ध्वनिमुद्रण चाळीस मिनिटांच्या आत संपतं. सूर धारदार, बोटं अचूक, पण माझ्या कानाला ते संथ भागात विसावा देत नाही. दाविद ऑइस्त्राखने 1958 साली दिग्दर्शक क्ल्युइतांसबरोबर केलेलं 44 मिनिटांच्या आसपासचं आहे. त्याचा स्वर गोल आणि ऊबदार आहे, आणि प्रत्येक वाक्य पूर्ण म्हणून झाल्यावरच तो पुढे जातो. पहिल्या ऐकण्यासाठी हेच. यहुदी मेन्युहिन आणि फुर्टवेंगलर यांचं 1953 चं नंतर ऐका. युद्धानंतर या ज्यू वादकाने जर्मन दिग्दर्शकाबरोबर उभं राहायचं ठरवलं, त्यासाठी टीका सोसली, आणि ते वादन त्या निर्णयाइतकंच गंभीर आहे. हाच मेन्युहिन 1952 साली नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात येऊन दुष्काळ निधीसाठी वाजवून गेला.

चायकॉव्हस्कीचा कॉन्चेर्टो 1878 साली स्वित्झर्लंडमध्ये लिहिला गेला. ज्याला तो अर्पण करायचा होता त्या लिओपोल्ड आउअरने वाजवायला नकार दिला, त्यामुळे 1881 साली व्हिएन्नात आडॉल्फ ब्रॉडस्कीने तो आधी वाजवला. पुढे आउअरचं मत बदललं आणि त्याचाच शिष्य हायफेट्झ या रचनेचा मोठा वादक ठरला. दिग्दर्शक राइनरबरोबरचं त्याचं 1957 चं ध्वनिमुद्रण ऐकताना खुर्चीत सावरून बसावं लागतं, मात्र त्यात आउअरच्या परंपरेप्रमाणे काही काटछाट आहे. रचना देखणी आणि तयारीची आहे. पण पहिल्यांदाच ती ऐकली, तर व्हायोलिन म्हणजे द्रुत तान असा समज होऊन बसतो. म्हणून ती तिसरी. ब्राम्सचा कॉन्चेर्टो याहून जड, त्याला सहा महिन्यांनी हात घाला.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबईत सोय आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी हा ऑर्केस्ट्रा उभा केला होता. आज नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो आणि त्याचा संगीतप्रमुख मरात बिसेनगालियेव्ह स्वतः व्हायोलिनवादक आहे. तिथे दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, दादही मनातच द्यायची असते. आपल्याला ते जड जातं.

घरी ऐकताना एक काळजी घ्या. मेंडेलसोन इअरफोन लावून रस्त्यानेही ऐकता येतो, चाल गोंगाटातून वर येते. बेथोवनचे ते चार ठोके इतके हलके आहेत, की पंख्याचा आवाजही त्यांना बुडवायला पुरतो. रात्री जेवणं उरकली, घर निजलं, की मग लावा.