हर्णैच्या बोटीवर लिथियम बॅटरी: दहा महिने वापरून झाल्यावर

मागच्या जुलैत आम्ही बोटीवरच्या 150 अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर, म्हणजे ॲसिडच्या, बॅटऱ्या काढल्या आणि 100-100 च्या दोन लिथियम बसवल्या. ऑगस्ट ते मे असा अख्खा हंगाम त्यांच्यावर काढला. 31 मेला बोट वर ओढली. आता पावसाळी मासेमारी बंदीत जरा उसंत आहे, तेवढ्यात सगळं लिहून काढतो.

हर्णैचं बंदर पाहिलेल्याला आमची अडचण लगेच कळेल. बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात नांगरून ठेवायची आणि बर्फ, डिझेल, मासळी, माणसं, सगळी ने-आण छोट्या होडीनं करायची. उथळ पाण्यात बैलगाड्या येतात आणि मासळी तिथून वर जाते. बॅटरी चार्जिंगला घरी आणायची तर तिचाही रस्ता हाच. ॲसिडनं भरलेली एक ट्युब्युलर म्हणजे पंचावन्न किलो. ती इंजिनखोलीतून वर काढायची, हलत्या बोटीवरून हलत्या होडीत उतरवायची आणि मग कमरेएवढ्या पाण्यातून दोघांनी धरून आणायची. जरा तिरकी झाली की झाकणातून ॲसिड झिरपतं. आमच्या घरात भोकं न पडलेली बर्म्युडा सापडणं कठीण होतं. चार वर्षांपूर्वी भावाच्या अंगठ्यावर एक आपटली, ते नख अजून वाकडंच वाढतं. आबांनी कंबरेमुळे बॅटरीला हात लावायचं सोडलं होतं. शिवाय तळात साचलेलं खारं पाणी ॲसिडच्या बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू होतो, आणि इंजिनखोलीत माणूस वाकून काम करत असतो. ही भीती मला कायम होती.

नवीन बॅटरी घरी आली तेव्हा आबांनी एका हातानं उचलली आणि विचारलं, "रिकामी तर नाही ना दिली तुला?" मासळीच्या काट्यावर ठेवली, 11 किलो 800 ग्रॅम भरली. दोन मिळून चोवीस किलोच्या आत. आधी एकशे दहा होत्या.

वजन कमी झालं म्हणून डिझेल वाचेल, असं विकणारा सांगत होता. तसं काही होत नाही. टनांनी बर्फ नेणाऱ्या बोटीला ऐंशी-नव्वद किलोचा काय फरक पडणार? फायदा झाला तो आमच्या कंबरांचा, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी हे पुन्हा करीन.

300 च्या जागी 200 कसे पुरतात, हे सगळे विचारतात. ॲसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की ती लवकर बसते, म्हणजे 300 मधले वापरायचे 150. लिथियम ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते, म्हणजे 160. आमच्या बोटीवर जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस, डेकवरचे चार दिवे, केबिनचा पंखा आणि खलाशांचे मोबाइल मिळून तासाला आठ-नऊ अँपिअर जातात. इंजिन बंद ठेवून नांगरावर बारा तासांची रात्र काढली तर शंभरच्या आसपास खर्च होतो. तेवढं आरामात निघतं आणि पहाटेपर्यंत दिव्यांचा उजेडही उतरत नाही. जाळं सोडवताना हे फार जाणवतं.

घेताना एक बघा. बॅटरीवर एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, असंच लिहिलेलं असलं पाहिजे. आबांच्या डोक्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या होत्या आणि त्यांची काळजी रास्त होती. लिथियमचेही प्रकार असतात. त्यातला हा प्रकार बराच शांत आहे, सहजासहजी पेट घेत नाही. तरी शॉर्ट झाली तर ही बॅटरी ॲसिडवाल्यापेक्षा कितीतरी जोरात करंट फेकते. म्हणून प्लस टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, आणि पाना हाताळताना मायनस आधी काढायची.

आता चुका. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, जुनी काढा, नवी जोडा, बाकी काही बदलायचं नाही. आम्ही तसंच केलं. पहिल्याच फेरीत दाभोळच्या बाजूला असताना तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, रबर जळाल्यासारखा वास येतोय. इंजिनखोलीत गेलो तर अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, जवळ हात नेववत नव्हता. ॲसिडची बॅटरी भरत आली की करंट कमी कमी घेते. लिथियम मात्र जवळजवळ भरेपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. आमचा अल्टरनेटर 65 अँपिअरचा, तोही कमी आरपीएमवर चालणारा, म्हणजे त्याच्या पंख्याचा वारासुद्धा कमी. त्याचं वाइंडिंग भरून घ्यावं लागलं. दुसरा धोका असा की बॅटरीत बीएमएस, म्हणजे संरक्षक सर्किट, असतं, आणि त्यानं चालू चार्जिंग एकदम तोडलं तर अल्टरनेटरचे डायोडही उडू शकतात. मग मधे 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर टाकला, म्हणजे बॅटरीला तेवढाच करंट जातो. तेव्हापासून अल्टरनेटर थंड आहे आणि रात्रीचा खर्च साडेतीन-चार तासांच्या इंजिनात भरून निघतो.

दुसरा प्रसंग ऑक्टोबरमधला, आणि त्यानं मी खरा घाबरलो. पंधरा-सोळा वाव पाण्यात जाळं टाकून नांगरावर होतो. दिवसभर इंजिन फारसं चाललं नव्हतं. झोपण्याआधी व्होल्टमीटर बघितला तर 12.9. ॲसिडच्या बॅटरीला 12.7 म्हणजे भरलेली, तो हिशोब वर्षानुवर्षं डोक्यात पक्का बसलेला, म्हणून निर्धास्त झालो. रात्री दोनच्या सुमारास सगळं एका क्षणात गेलं. दिवे, जीपीएस, वायरलेस, आणि आमची खूण सांगणारी डोलकाठीवरची बत्तीसुद्धा. दक्षिणेकडून एक मोठी ट्रॉलर येत होती. भाऊ टॉर्च घेऊन टपावर चढला आणि मी खाली इंजिनाकडे धावलो. सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करायची, बॅटरी वेगळी होती म्हणून इंजिन लागलं, चार्जरनं करंट दिला आणि लिथियम पुन्हा जागी झाली. ट्रॉलर बरीच लांबून गेली. पण ते दोन-तीन मिनिटांचं काळोखं पाणी मी विसरणार नाही.

जुनी बॅटरी संपताना दिवे मंद व्हायचे, वायरलेस खरखरायचा, आपण सावध व्हायचो. लिथियम शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवते आणि मग बीएमएस खाडकन तोडते. व्होल्टमीटरवर तिचा अंदाज येत नाही. शंट लावलेला, आत-बाहेरचे अँपिअर मोजणारा मीटर लागतो. तो तीन हजारांत आला आणि पहिल्या दिवशीच लावायला हवा होता. मीटर तीस टक्क्यांवर आला की आता आमच्याकडे इंजिन लागतं, मग कोणी झोपेत असो वा जेवत. आणखी एक केलं. वायरलेस आणि डोलकाठीची बत्ती यांच्यासाठी सेल्फच्या ॲसिड बॅटरीवरून बदलीची वेगळी लाइन ओढली, मधे एक स्विच. बाकी काहीही टाळा, हे टाळू नका.

सेल्फची बॅटरी मी ॲसिडचीच ठेवली आहे. सेल्फ मारताना क्षणभर शेकडो अँपिअर लागतात आणि आमच्या लिथियमची बीएमएस शंभर अँपिअरला थांबते. तिच्यावर सेल्फ मारू नका. ॲसिड आणि लिथियम थेट एकत्रही जोडू नका.

हलकेपणाचा एक तोटा ध्यानात आला नव्हता. जुन्या बॅटऱ्या स्वतःच्या वजनानं बसून राहायच्या. ही डिसेंबरच्या उत्तरेच्या वाऱ्यात खोक्यात सरकायला लागली आणि एक लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, सैल झाला. आता खाली रबर, वरून लाकडी पट्टी, दोन बोल्ट. टर्मिनलवर ॲसिडवाल्यासारखा पांढरा-निळा थर येत नाही, पण खारा वारा तांब्याला सोडत नाही. महिन्यातून एकदा पुसून व्हॅसलीन लावतो.

खर्च: बॅटऱ्या प्रत्येकी बत्तीस हजार, चार्जर चौदा हजार, मीटर तीन, वायर-फ्यूज-मजुरी पाच. एकूण शहाऐंशी हजार. अल्टरनेटरचं वाइंडिंग वेगळं. ट्युब्युलरची जोडी तीस हजारांची, आमच्याकडे दोन हंगाम टिकायची, आणि जुनी भंगारात देऊन काही पैसे सुटायचे. लिथियमला आमचा भंगारवाला हात लावत नाही. म्हणजे ती सहा-सात हंगाम तरी चालली तरच पैशाचा हिशोब जुळेल. एका हंगामात तरी मीटरवर ताकद कमी झालेली दिसली नाही.

सध्या दोन्ही घरात फळीवर आहेत, साठ टक्क्यांवर, वायरी काढून. पूर्वी पावसाळ्यात दर पंधरवड्याला चार्जिंग आणि डिस्टिल वॉटर असायचं, ते संपलं. भरायची वेळ येईल तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर लावणार नाही, कारण ॲसिडसाठीचे काही चार्जर व्होल्टेज पंधराच्या वर नेतात आणि हिला 14.6 च्या वर चालत नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरीन, मीटर शंभरवर आणीन आणि मग होडीत ठेवीन. या वेळी एक आबा नेणार म्हणतात.